कॅलेंडरवर नसलेला ३५ मे

'३५ मे.' नाही हो, टायपो नाही! मेचे ३१ दिवस संपले तरी मोजत राहा, ४ जून येतो. १९८९ मध्ये याच दिवशी बीजिंगच्या तिआनमेन चौकातलं विद्यार्थ्यांचं आंदोलन रणगाडे घालून चिरडलं गेलं. चीनमध्ये नेटवर ही तारीख सरळ लिहिली की पोस्ट गुल. मग लोकांनी मे महिनाच लांबवला. सेन्सॉरला तेही कळलं आणि '३५ मे'सुद्धा ब्लॉक!

कहर झाला २०१२ मध्ये. ४ जूनलाच शांघायचा शेअर निर्देशांक ६४.८९ अंकांनी घसरला. ६-४-८९! निव्वळ योगायोग, पण वेबो या तिथल्या साइटवर निर्देशांकाचं नावच सर्चमधून उडवलं.

चिनी भाषेत सारख्या उच्चाराचे शब्द ढिगाने, म्हणजे कोट्या करायला मोकळं रान. (आपले कोटीबहाद्दर तिथे हिट झाले असते. किंवा आत गेले असते.) हू जिंताव यांची घोषणा होती 'सुसंवादी समाज'. पोस्ट उडाली की लोक म्हणायचे, मला 'सुसंवादी' केलं. त्या शब्दावरही नजर गेल्यावर जवळच्या उच्चाराचा 'नदीतला खेकडा' आला. २०१८ मध्ये 'मी टू'वर कात्री चालली, तेव्हा मुलींनी भात आणि ससा टाकायला सुरुवात केली. चिनीत मी म्हणजे तांदूळ, तू म्हणजे ससा. मराठी माणसाला तर हे डबल आवडावं.

वाचायला धमाल, पण तिथे हे महागात पडतं. २०१३ च्या नियमानुसार, बदनामीकारक अफवा ठरलेली पोस्ट ५०० वेळा फॉरवर्ड झाली किंवा ५,००० वेळा पाहिली गेली, तर तीन वर्षांपर्यंत तुरुंग. आणि पोस्ट उडवतं कोण? बऱ्याचदा कंपनीचीच माणसं. साइटवर काय दिसतं याची जबाबदारी कंपनीवर, त्यामुळे आपल्यासारखीच शिफ्ट करणारी पोरं दिवसभर डिलीट दाबत बसतात. मला या सगळ्यात हीच गोष्ट जास्त टोचते.

वुहानचे डोळ्यांचे डॉक्टर ली वेनलियांग कुणी आंदोलक नव्हते. ३० डिसेंबर २०१९ ला त्यांनी डॉक्टर मित्रांच्या ग्रुपवर नव्या आजाराबद्दल सावध केलं. पोलिसांनी बोलावून त्यांच्याकडून समजपत्रावर सही घेतली. ७ फेब्रुवारी २०२० ला ते कोविडने गेले. त्या रात्री 'मला बोलण्याचं स्वातंत्र्य हवं' हा हॅशटॅग वेबोवर उसळला आणि काही तासांत पुसलाही गेला.

मग लोक त्यांच्या शेवटच्या पोस्टखाली जमू लागले. दहा लाखांच्या वर कमेंट्स झाल्या. त्यात घोषणा फारशा नाहीत. कुणी गुड मॉर्निंग म्हणतं, कुणी परीक्षेचं टेन्शन सांगतं, कुणी ब्रेकअपचं. डॉक्टरांना फ्राइड चिकन आवडायचं, म्हणून कुणी कोंबडीची तंगडी ठेवून जातं.