खेळण्यांऐवजी डबे आणि पळ्या

नुकत्याच बसू लागलेल्या बाळापुढे खुळखुळा आणि स्टीलची वाटी ठेवली, तर बाळाचा हात बरेचदा वाटीकडे जातो. रांगता येऊ लागले की मोर्चा ओट्याखालच्या कप्प्याकडे वळतो. डबे, झाकणे, पळी, चाळणी, लाटणे जमिनीवर येतात आणि हौसेने आणलेली खेळणी तशीच पडून राहतात.

याचे एक कारण वस्तूंमध्येच आहे. प्लॅस्टिकची खेळणी रंगांनी वेगळी असली तरी हाताला आणि जिभेला बहुतेक सारखीच लागतात. वजनाला हलकी, ना गार ना खरखरीत. स्टीलची वाटी गार लागते, आपटली की खणखणते, तिच्यात स्वतःचा वाकडातिकडा चेहरा दिसतो. लाटणे जड असते आणि घरंगळत जाते. बटण दाबल्यावर तेच गाणे म्हणणाऱ्या खेळण्याची ओळख लवकर पटते, मग त्यात पाहण्यासारखे काही उरत नाही. डब्याचे तसे नसते. झाकण कसे धरले, कुठे आपटले, आत काय टाकले, यावर प्रत्येक वेळी वेगळे काही घडते.

स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी स्वतःच्या तीन मुलांचे बाळपण बारकाईने टिपले होते. त्यांचा मुलगा लोराँ पहिल्या वाढदिवसाच्या आधीच हातातली वस्तू वेगवेगळ्या जागी हात नेऊन सोडे आणि ती कुठे पडते ते पाही. दर वेळी थोडा फरक करून परिणाम तपासण्याची ही वृत्ती पियाजेंच्या मते १२ ते १८ महिन्यांच्या वयात भरात येते. चमचा दहा वेळा खाली टाकणारे मूल हट्टी नसते, ते प्रयोग करत असते.

दुसरे कारण माणसांचे आहे. मोबाइल, किल्ल्या, रिमोट, झाडू या वस्तू मोठ्यांच्या हातात सतत दिसतात, म्हणून मुलाला त्या मोलाच्या वाटतात. खेळण्यातला फोन घरातले कुणीच कानाला लावत नाही, हे वर्षाच्या मुलालाही कळते. मोठ्यांचे पाहून तसेच करण्याची ओढ या वयात फार बळकट असते. अमेरिकी संशोधक अँड्र्यू मेल्टझॉफ यांच्या १९८८ च्या प्रयोगात एका व्यक्तीने पेटीला कपाळ टेकवून तिच्यातला दिवा लावून दाखवला. १४ महिन्यांच्या अनेक बाळांनी आठवड्याने त्या पेटीला तसेच कपाळ टेकवले.

मारिया माँटेसरी यांना हाच अनुभव रोममध्ये आला. सान लोरेन्झो या गरीब वस्तीत १९०७ साली सुरू केलेल्या त्यांच्या बालगृहात खेळणीही होती, पण मुलांची पसंती खऱ्या कामांना होती. इंग्लंडच्या एलिनॉर गोल्डश्मीड यांनी त्याहून लहान, अजून रांगूही न लागलेल्या बाळांसाठी एक टोपली सुचवली. तिच्यात लाकूड, धातू, चामडे, कापड अशा साध्या वस्तू असतात आणि प्लॅस्टिक नसते. मोठे माणूस जवळ बसते, पण काय घ्यावे ते सांगत नाही. हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे, कारण निवड बाळाची असली तरच ते एकाच वस्तूत बराच वेळ रमते.

महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांच्या बालवाड्यांत गोटे, शिंपले, बिया, पाने यांनाच शिक्षणसाहित्य केले. महागडी माँटेसरी साधने तिथे परवडणारी नव्हतीच. परिसरातल्या वस्तूंनी ते काम उत्तम केले.

दीड वर्षाच्या सुमारास खेळाला कल्पनेची जोड मिळते. खोका गाडी होतो, चादर तंबू होते. अमेरिकेतील राष्ट्रीय खेळणी सन्मानदालनात पुठ्ठ्याच्या खोक्याला २००५ मध्ये आणि साध्या काठीला २००८ मध्ये स्थान मिळाले, ते याच गुणासाठी.

घरातला एक खालचा कप्पा मुलाच्या हवाली करायचा तर आधी तो नीट पाहावा लागतो. सुऱ्या, काचेची भांडी, औषधे, फिनेल आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या तिथे नकोत. नाणी, मणी, शेंगदाणे घशात अडकतात. रिमोटमधला चपटा गोल सेल सर्वांत घातक, कारण गिळल्यास तो दोन तासांतच अन्ननलिका भाजू शकतो. तशी शंका जरी आली तरी मुलाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे लागते.