थेंबे थेंबे विष साचे

गोवा एक्सप्रेसने दिल्लीस निघालेला प्रवासी इटारसी ओलांडून भोपाळात शिरतो, तेव्हा प्रथम हबीबगंज लागते. २०२१ साली तेथील स्थानकास राणी कमलापतींचे नाव देण्यात आले. याच शहराच्या उत्तर भागात युनियन कार्बाइडचा कारखाना होता. पिकांवरील किडीसाठी तेथे कार्बारिल बनत असे. त्यासाठी साठविलेल्या मिथिल आयसोसायनेटने १९८४ च्या डिसेंबरात हजारो माणसांचे प्राण घेतले. मागे उरलेला ३३७ टन विषारी कचरा पिथमपूरला नेऊन जाळण्यास २०२५ साल उजाडावे लागले!

एका रात्रीत माणसे मारणारे विष साऱ्या जगाने पाहिले. परंतु शेतांतून पावसाबरोबर थोडे थोडे पाण्यात उतरणाऱ्या विषाची दखल कोण घेणार? भोपाळच्या मोठ्या तलावाचे पाणलोट क्षेत्र शेतीचे आहे. अशा तलावात एका शेतातील एक औषध, दुसऱ्यातील दुसरे, असे सारे एकत्र येऊ शकते. प्रत्येकाचे प्रमाण वेगवेगळे तपासले, तर ते मर्यादेत भरेलही. मिश्रणाचे काय?

कार्बारिल आणि मॅलाथिऑन ही भिन्न कुळांतील विषे. पण दोघांचा घाव एकाच ठिकाणी बसतो. मज्जातंतूंतून गेलेला संदेश वेळीच थांबविणारे जे विकर असते, तेच ती निकामी करतात. म्हणून एकाची अर्धी मात्रा व दुसऱ्याची अर्धी मात्रा मिळून डॅफ्नियासारख्या इवल्या जलपिसूच्या लेखी पुरी मात्रा होते. याहून कपटी प्रकारही आहे. अझोल वर्गातील काही बुरशीनाशके त्या जिवाची विष पचविण्याची शक्तीच बांधून ठेवतात. मग एरवी सोसली असती एवढी पायरेथ्रॉइडची मात्राही त्याचा प्राण घेते. प्रयोगशाळेत हे दिसून आलेले आहे.

जलपिसूची एवढी चिंता कशाला, असे कोणी विचारील. ती शेवाळ खाऊन पाणी निवळ राखते आणि माशांच्या पिलांचे अन्न होते. ती गेली की पाणी हिरवे होते व जाळे रिकामे येते.

आपल्याकडे १९६८ च्या कायद्यान्वये नोंदणी होते ती एकेका उत्पादनाची. युरोपने पिण्याच्या पाण्यात एकेका कीटकनाशकास लिटरमागे ०.१ मायक्रोग्रॅम आणि सर्वांच्या बेरजेस ०.५ अशी मर्यादा घातली. निदान बेरीज करण्याचे शहाणपण त्यात आहे. तथापि ती बेरीज वजनाची, मारकतेची नव्हे. म्हणून पहिल्या पावसानंतर तलावाचे पाणी घेऊन त्यात जलपिसू जगते की नाही, हे सरकारने पाहावे, असे आम्हांस वाटते. ही चाचणी महागडी नाही; हवी आहे ती इच्छा.

भोपाळच्या तलावांना २००२ साली रामसर यादीत स्थान मिळाले, आमच्या कुडचड्याच्या नंदा तळ्यास २०२२ साली. त्याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु ज्या पाण्याचा गौरव झाला, त्यातील इवला जीव जगतो आहे काय, हे विचारण्याचे कर्तव्य भोपाळइतकेच गोव्याचेही आहे.