म्हसवडच्या बायकांची बँक

सातारा जिल्ह्यातला माण तालुका पर्जन्यछायेतला, कायम दुष्काळाच्या सावटाखाली. याच तालुक्यातल्या म्हसवडमध्ये १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. ग्रामीण बायकांनी बायकांसाठी काढलेली ही देशातली पहिली परवानाधारक सहकारी बँक.

सुरुवात झाली ती बचतीच्या मागणीतून. रस्त्याकडेला भाता चालवणाऱ्या एका लोहारणीला पावसाळ्याआधी ताडपत्री घ्यायची होती. त्यासाठी रोज थोडे पैसे साठवायची तिची तयारी होती, पण एवढ्या लहान रकमेसाठी कोणतीच बँक खातं उघडेना. तेव्हा जयप्रकाश नारायण यांच्या चळवळीतून आलेल्या आणि लग्नानंतर म्हसवडकर झालेल्या चेतना गाला सिन्हा यांनी बायकांचीच बँक काढायचं ठरवलं.

रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज फेटाळला, कारण त्यावर बायकांचे अंगठे होते. बायका खचल्या नाहीत. दिवसभर राबून त्या रात्री अक्षरं गिरवायला बसल्या आणि काही महिन्यांनी पुन्हा अधिकाऱ्यांसमोर गेल्या. कोणत्याही मुद्दलावरचं व्याज विचारा, यंत्राशिवाय तोंडी सांगतो, असं त्यांनी ठणकावलं. परवाना मिळाला.

तरी बायका बँकेत येईनात. यायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडायची. म्हणून बँकच त्यांच्या दारात गेली. पासबुक घरात ठेवलं तर शिल्लक नवऱ्याच्या नजरेस पडते, ही अडचण बायकांनीच मांडली. म्हणून पासबुकाऐवजी कार्ड आलं. पुढे त्यासाठी गुप्त क्रमांकाऐवजी बोटाचा ठसाही त्यांनीच मागितला. क्रमांक घरच्यांना काढून घेता येतो, बोट कुणाला नेता येत नाही.

सूक्ष्मकर्जाची दुसरी बाजूही आपण पाहिली आहे. आंध्र प्रदेशात एकाच घरावर अनेक कंपन्यांची कर्जं चढली, वसुलीचा जाच वाढला आणि २०१० मध्ये सरकारला कायदा करून लगाम घालावा लागला. माणदेशीत कर्जाच्या जोडीला बचत आहे, धंद्याचं शिक्षण आहे आणि कारभार बायकांच्या हाती आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात माणदेशीनं जनावरांसाठी चारा छावणीही चालवली, कारण दावणीची जनावरं गेली तर कर्ज फिटणार कशातून?

बाईच्या नावावर कर्ज काढलं की ती सक्षम होते, हा समज सोडून दिला पाहिजे. पैसा तिच्या ताब्यात राहिला आणि तो कुठे खर्चायचा हे तिनं ठरवलं, तरच गरिबी हटते आणि घरात तिचा शब्द चालतो. महिलांसाठीच्या प्रत्येक कर्जयोजनेला आपण हीच कसोटी लावावी.