आऊट काढणारे हात

चाक डोलायला लागलं की आमच्याकडे म्हणतात, ‘चाकाला आऊट आलाय.’ मग मिस्त्री सायकल सीट-हँडलवर उलटी उभी करतो, चाक गरकन फिरवतो आणि रिमच्या कडेला खडूचं टोक धरतो. खडू जिथे लागला तिथे चाक त्या अंगाला झुकलेलं. तिथली एक तार पाव फेरा आवळायची, शेजारची तेवढीच सैल करायची, पुन्हा फिरवायचं. जुन्या काळ्या सायकलीच्या पुढच्या चाकात ३२ तारा असतात आणि मागच्यात ४०. घाई केली तर चाक डोलायचं थांबतं, पण अंडाकृती होतं आणि रस्त्यावर उड्या मारू लागतं.

सातारा आणि सांगलीतले सायकल दुकानदार आज मोठ्या कंपन्यांच्या साखळी दुकानांशी झुंजत आहेत. ही झुंज किमतीची आहे, असं बहुतेक जण समजतात. मला ती या खडूच्या टोकाची, म्हणजे मजुरीची वाटते.

ही दोन्ही शहरं एकत्र घेण्याला कारण आहे. सांगली जिल्हा १९४९ साली साताऱ्यातून वेगळा झाला तेव्हा त्याचं नाव ‘दक्षिण सातारा’ होतं. १९६० मध्ये तो ‘सांगली’ झाला. या मुलखाच्या उद्योगाचा उगमही सायकलच्याच दुकानातला. १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये नोकरी करत होते आणि बेळगावात थोरले बंधू रामूअण्णांबरोबर त्यांनी सायकलचं दुकान उघडलं. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवत आणि रामूअण्णा त्या विकत. सायकल तेव्हा सातशे ते हजार रुपयांची चैनीची वस्तू होती. ती चालवायला शिकवण्याचे रामूअण्णा वेगळे पंधरा रुपये घेत. या पंधरा रुपयांकडे मी पुन्हा येणार आहे. पुढे बेळगावातली जागा सोडावी लागली, औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळच्या माळावर जमीन दिली आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात.

स्वातंत्र्यानंतर सायकल सामान्यांच्या अंगणात आली. चेन्नईची टीआय सायकल्स १९४९ ची, सोनिपतची अ‍ॅटलस १९५१ ची, लुधियानाची हीरो १९५६ ची. त्यांचा माल गावोगावी सुटा यायचा: फ्रेम एकीकडे, रिमा दुसरीकडे, टायर-ट्यूब तिसऱ्याच गठ्ठ्यात. ‘सायकल बांधणं’ हे दुकानाचं काम होतं. चाक विणायचं, छर्रे ग्रीसमध्ये बसवायचे, चेन कापून मापात आणायची. दारात तासाच्या भाड्याच्या सायकली उभ्या असत. आमची पिढी त्यांच्यावरच पडत-धडपडत शिकली. हवेचा पंप बाहेर साखळीला बांधलेला असे. नव्या सायकलची पहिली दुरुस्ती फुकट, पुढची नावापुरत्या पैशांत. गिऱ्हाइकाला हे सगळं दुकानदाराच्या चांगुलपणाचं वाटायचं. खरं तर त्या कष्टांचा मोबदला विक्रीच्या नफ्यात धरलेला असायचा, फक्त तो कुणी बोलून दाखवला नाही.

तिथेच पुढे घात झाला. २००९ मध्ये डेकॅथलॉन या फ्रेंच कंपनीने बंगळुरूच्या सर्जापूर रस्त्यावर भारतातलं पहिलं दालन उघडलं. २०१३ मध्ये तिला इथल्या किरकोळ विक्रीत शंभर टक्के परकी गुंतवणुकीची परवानगी मिळाली. टीआयने ‘ट्रॅक अँड ट्रेल’ नावाची दुकानं काढली, फायरफॉक्स ही सायकल कंपनी २०१५ मध्ये हीरोने विकत घेतली. स्वतःच आराखडा करायचा, स्वतःच्या छापाने बनवून घ्यायचं आणि स्वतःच्याच दालनात विकायचं, असं केलं की मधले नफे गळून पडतात. साताऱ्याहून पुणे सव्वाशे किलोमीटरच्या आत, सांगलीहून कोल्हापूर पन्नासेक. रविवारी गाडी काढून सायकल घेऊन यावी इतकं हे सोपं झालं. ज्याला तेवढंही जायचं नाही त्याच्या दारात खोकं येतं.

दालनांचं श्रेय मोकळेपणाने दिलं पाहिजे. तिथे किंमत लिहिलेली असते आणि ती तोंड पाहून बदलत नाही. सायकल चालवून बघता येते. मुख्य म्हणजे उंचीप्रमाणे फ्रेम मिळते. आपल्या पेठांमधल्या अनेक दुकानांनी वर्षानुवर्षं पाच फुटांच्या मुलीला आणि सहा फुटांच्या बाप्याला एकच माप विकलं, सीट वर-खाली करून दिली आणि गुडघे दुखू लागल्यावर ‘सवय होईल’ असं सांगितलं. ही चूक त्यांच्या पदरात टाकलीच पाहिजे.

२०२० च्या साथीत सगळं उलटंपालटं झालं. सायकल उत्पादकांच्या संघटनेच्या आकड्यांप्रमाणे मे ते सप्टेंबर या पाच महिन्यांत देशात ४१ लाख ८० हजारांवर सायकली विकल्या गेल्या. मे महिन्यातल्या साडेचार लाखांवरून सप्टेंबरचा आकडा ११ लाखांपुढे गेला. आणि त्याच वर्षी ३ जूनला, जागतिक सायकल दिनी, अ‍ॅटलसने साहिबाबादचा कारखाना बंद केला. मागणी सरळ काळ्या सायकलीची उरली नव्हती. गिअर, डिस्क ब्रेक आणि जाड टायर यांना ती होती.

सातारा आणि सांगली इथे वेगळ्या वाटेने जातात. सातारा अजिंक्यताऱ्याच्या कुशीत चढ-उतारांवर वसलेला. यवतेश्वरचा घाट चढून कासला जायचं तर गिअर लागतोच, म्हणून हौशी सायकलस्वार इथे नेहमीचं गिऱ्हाईक आणि दालनांची ओढ त्यालाच अधिक. सांगली कृष्णाकाठची सपाट. शाळेला, शिकवणीला, कुपवाडच्या कारखान्यांत पाळीला जाणाऱ्यांना साधी दणकट सायकल पुरते. ती जवळच्या दुकानातून, उसाचं बिल आल्यावर देण्याच्या बोलीवरही मिळते. ओळखीवर चालणारी ही उधारी दालनाच्या यंत्रात बसत नाही.

सांगलीला आणखी एक गोष्ट ठाऊक आहे, ती म्हणजे पूर. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली आणि बाजारपेठ पाण्यात बुडाली. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा आलं. गाळाच्या पाण्यात राहिलेली सायकल वरून धुऊन भागत नाही. हब, पायडलचा एक्सल आणि हँडलचा कोन उघडून गाळ काढावा लागतो, छर्रे बदलावे लागतात, नाहीतर महिन्याभरात सगळं गंजून जाम होतं. हे काम खोक्यातून येत नाही, ते गल्लीतल्या माणसालाच करावं लागतं.

आणि खोक्याचं पुढे काय होतं? ऑनलाइन सायकल ‘८५ टक्के जोडलेली’ येते. उरलेले पंधरा टक्के म्हणजे हँडल, पुढचं चाक, पायडल, ब्रेक आणि गिअरची जुळणी. जीव ज्यावर अवलंबून तो हाच भाग. गिऱ्हाईक ते खोकं घेऊन गल्लीतल्या दुकानात येतं आणि ‘जरा एवढं बसवून द्या’ म्हणतं. डिस्क घासू नये म्हणून कॅलिपर मध्यावर आणणं, चेन तारांत जाऊन अडकू नये म्हणून गिअरचे दोन स्क्रू मापात बसवणं याला तासभर जातो. दुकानदाराने मजुरी सांगितली की, ‘एवढ्याला एवढे?’ जो नफा या मजुरीला आतून पोसत होता तो दालनाने नेला, आणि मजुरी मात्र जुन्याच भावात मागितली जाते. दालनातल्या दुरुस्तीचं दरपत्रक भिंतीवर असतं, तिथे आपण तेच पैसे निमूट देतो.

मोठं दुकान कायम राहतं, असंही समजू नये. अमेरिकेत परफॉर्मन्स बायसिकल या साखळीने २०१९ मध्ये आपली शंभरावर दुकानं एका झटक्यात बंद केली. ब्रिटनमध्ये ऑनलाइन विक्रीतली बलाढ्य विगल २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली. विकणारा बदलला तरी सायकल रस्त्यावरच राहते आणि तिच्या चाकाला आऊट येतच राहतो.

म्हणून रामूअण्णांचे पंधरा रुपये. बेळगावच्या त्या सायकल दुकानदाराने सायकलची किंमत आणि आपल्या कसबाची किंमत वेगळी ठेवली होती. सातारा-सांगलीच्या दुकानदारांनी आज तेच करावं. मजुरीचं दरपत्रक ठळक लावावं, कुठूनही घेतलेली सायकल तोंड न वाकडं करता हातात घ्यावी आणि गिअर-डिस्कचं काम नीट शिकून घ्यावं. नुसत्या विक्रीवर तगण्याचे दिवस संपले आहेत.

आणि वाचकहो, २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. मुलासाठी सायकल घ्यायची असेल तर ती जिथून परवडेल तिथून घ्या. त्यात वाचलेल्या पैशांतले थोडे बाजूला ठेवा, घराजवळच्या मिस्त्रीकडे ती एकदा पूर्ण तपासून घ्या आणि तो जी मजुरी सांगेल ती घासाघीस न करता द्या.