सिस्टर, जरा समजावून सांगता का?

दिवाळी सरली की मोडनिंबच्या आसपासच्या उसाच्या फडांत कोपी उभ्या राहतात. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झालेला असतो आणि बीडकडच्या टोळ्या उतरलेल्या असतात. मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीतरी जणींच्या शेतात या टोळ्या येत असतील. त्यातल्या बायकांशी आपले बोलणे होते ते फार तर हंडाभर पाण्यापुरते. आज त्यांच्याविषयी थोडे बोलायचे आहे, आणि त्यांच्या निमित्ताने दवाखान्यातल्या सिस्टरविषयी व तुमच्या-माझ्याविषयीही.

२०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या जात असल्याचे उघडकीला आले. राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ बायकांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे साधारण सहांमागे एक! त्याच सुमाराच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभराचे प्रमाण शंभरात जेमतेम तीन होते. एका जिल्ह्यातल्या, एकच काम करणाऱ्या बायकांनाच एवढे आजार कसे होतील?

याचे उत्तर कोपीत सापडते. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली. एक दिवस काम चुकले की खाडा, म्हणजे दंड. पहाटेच्या अंधारात फडात जायचे, ऊस तोडायचा, मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायच्या. पाळी असो की ताप असो, त्यात सूट नाही. कपडा बदलायला आडोसा नाही, धुवायला पुरेसे पाणी नाही. मग अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट दुखते. दवाखान्यात गेले की कोणीतरी म्हणते, “पिशवी खराब झालीय, पुढं कॅन्सर होईल. काढून टाका.” मुले झालेली असतात, दर महिन्याचा खाडाही वाचणार असतो. बाई अंगठा देते.

आता नीट ऐका हं. पांढरे जाणे हे बहुतेक वेळा जंतूंमुळे होते आणि औषधाने बरे होते. काही वेळा नवऱ्यालाही बरोबरीने औषध घ्यावे लागते. तेवढ्यासाठी पिशवी काढायची गरज नसते. कॅन्सर, औषधांना दाद न देणारा रक्तस्राव, मोठ्या गाठी, अंग बाहेर येणे अशा कारणांसाठी ही शस्त्रक्रिया खरोखरच उपयोगाची असते. अशा वेळी घाबरून ती टाळूही नये. पण पिशवीबरोबर दोन्ही अंडाशय काढले, तर पाळी जाण्याचे सारे त्रास ऐन तिशी-चाळिशीत सुरू होतात. अंगाची लाही होते, हाडे ठिसूळ होतात. मोळी उचलणाऱ्या बाईची हाडेच गेली तर तिने खायचे काय?

म्हणून सगळा प्रश्न येऊन थांबतो तो सहीपाशी. २००८ साली सर्वोच्च न्यायालयात दिल्लीच्या ४४ वर्षांच्या एका बाईंचा खटला निकाली निघाला. त्यांनी संमती दिली होती ती फक्त दुर्बिणीने तपासण्याची. त्या भुलीत असताना डॉक्टरांनी त्यांच्या आईची संमती घेतली आणि गर्भपिशवी व अंडाशय काढून टाकले. न्यायालयाने सांगितले, ही संमती चालणार नाही. तपासणीची संमती म्हणजे शस्त्रक्रियेची नव्हे. जिवाला तातडीचा धोका नसेल तर शहाण्यासुरत्या बाईच्या वतीने आईनेही सही करायची नाही. मग नवऱ्याने किंवा मुकादमाने तर नाहीच नाही!

शस्त्रक्रिया समजावून सांगणे हे डॉक्टरांचे काम. पण सहीचा कागद घेऊन खाटेशी बहुतेक वेळा येते ती सिस्टर. तिच्या धर्माची परीक्षा इथेच होते. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने १९५३ साली परिचारिकांसाठी आचारसंहिता केली आणि २०२१ मध्ये ती नव्याने सुधारली. तिचे सार असे की, सिस्टरची पहिली बांधिलकी रुग्णाशी. समोरच्या बाईला काहीच कळलेले नाही हे दिसत असताना “इथं अंगठा लावा” म्हणणारी सिस्टर आपल्या कामाला चुकते. “थांबा, डॉक्टरांना परत बोलावते, तुम्ही विचारा,” असे म्हणणारी सिस्टर आपले काम चोख करते, मग वॉर्डात कितीही घाई असो.

पण हे म्हणायला अंगात बळ हवे. चार-सहा हजारांवर राबणारी, उद्या काढून टाकतील या धास्तीने दबलेली मुलगी डॉक्टरांना काय थांबवणार? सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशावरून नेमलेल्या समितीने शिफारस केली होती की, पन्नासहून कमी खाटांच्या खाजगी रुग्णालयातही परिचारिकेला दरमहा निदान २०,००० रुपये मिळावेत. पण शिफारस म्हणजे काही सक्ती नव्हे. सिस्टरने आपल्या बाजूने उभे राहावे असे वाटत असेल, तर तिच्या पगाराचा प्रश्नही आपलाच समजायला हवा.

दुसरी अडचण हिशेबाची आहे. सपाट मुलखात पाच हजार वस्तीमागे एक आरोग्य उपकेंद्र असावे, असा सरकारी निकष आहे. हजार वस्तीमागे एक आशाताई. ही वस्ती मोजतात ती गावातली. टोळीतल्या बाईचे नाव असते बीडकडच्या गावी आणि बाई असते माढा तालुक्यात, फडात! तिथल्या सिस्टरला ती दिसत नाही, इथल्या सिस्टरच्या वहीत ती नसते. समान न्याय म्हणजे सगळ्यांना एकच गोळी वाटणे नव्हे. जी वहीतून सुटली आहे तिच्यापर्यंत आधी पोचणे, याचे नाव न्याय.

केंद्र सरकारने २०२२ साली अनावश्यक गर्भपिशवी शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत जिल्हा पातळीपर्यंत देखरेख समित्या नेमायच्या आहेत. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना या सूचना तीन महिन्यांत लागू करण्यास सांगितले. कागद आहेत. आपण काय करायचे, ते सांगते.

पिशवी काढायचा सल्ला कुणालाही मिळाला, अगदी तुमच्या जावेला किंवा आईला, तर सही करण्याआधी एवढे विचारा:

१. मला नेमके काय झाले आहे? कोणत्या तपासणीत दिसले?

२. औषधाने बरे होणार नाही का? किती दिवस वाट पाहता येईल?

३. अंडाशय ठेवणार की काढणार? का?

४. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवण्यासाठी माझे रिपोर्ट द्याल ना?

दुसरे मत सरकारी रुग्णालयात घ्या. तिथे शस्त्रक्रियेच्या बिलाची घाई नसते. विचारायला संकोच वाटला तर सिस्टरला हळूच म्हणा, “सिस्टर, जरा समजावून सांगता का?” एवढे विचारण्यात कसला आगाऊपणा? तो तुमचा हक्कच आहे.

आणि यंदा शेतात टोळी उतरली की आशाताईंना किंवा उपकेंद्रातल्या सिस्टरना निरोप पाठवा: “आमच्या फडात इतक्या बायका आहेत, त्यांतल्या दोघी गरोदर आहेत.” कोपीपाशी पाण्याची एक टाकी आणि चार बांबूंना गोणपाट लावून न्हाणीचा आडोसा करून द्या. तुमच्या घरचा खर्च एका सणाच्या पुरणपोळीएवढाही होणार नाही. टोळीतल्या एखादीला दवाखान्यात जायचे असेल, तर जमल्यास सोबत जा. लिहिता-वाचता येणारी एक बाई शेजारी उभी असली की कागद पुढे करणारा हातही जरा थबकतो.