वाटेकऱ्याची किल्ली

माझा भाचा ज्या सर्व्हरची राखण सावेडीतल्या घरातून करतो, तो सावेडीत नाही. तिथल्या पाइपलाइन रोडला लाईट कधी जाईल सांगता येत नाही, घरच्या इंटरनेटचा आयपी पत्ता बदलत राहतो, आणि क्रिप्टोचलनाच्या नेटवर्कचा भार वाहणाऱ्या ‘मास्टरनोड’ सर्व्हरला तर चोवीस तास एकाच पत्त्यावर हजर राहावं लागतं. म्हणून त्याने युरोपातल्या एका डेटा सेंटरमधलं मशीन महिन्याच्या भाड्याने घेतलंय. नोड ‘डॅश’ या चलनाचा. त्यामागचे 1000 डॅश तिसऱ्याच माणसाचे. त्या मालकाला भाचा कधी भेटलेला नाही, आणि भेटायची गरजही पडलेली नाही.

डॅश 2014 मध्ये सुरू झालं. मास्टरनोड उभा करायचा तर नेमके 1000 डॅश एकरकमी एका पत्त्यावर तारण म्हणून दाखवावे लागतात. मग नेटवर्क पाळीपाळीने मोबदला देतं. तारण कुठे अडकून पडत नाही, पण हलवलं की नोड यादीतून बाद. पूर्वी नोड चालवायची आणि नेटवर्कच्या प्रस्तावांवर मत द्यायची डिजिटल किल्ली एकच असे. 2019 च्या फेरबदलात मालकाची, चालकाची आणि मतदानाची अशा तीन किल्ल्या झाल्या. तारणाची त्याहून निराळी. शेत वाट्याने देतात तसंच हे: सातबारा मालकाचा, नांगर वाटेकऱ्याचा.

भाचा सर्व्हर तयार करत असताना मी शेजारी बसून पाहत होतो, तेव्हा बराच वेळ डॅशचं नावही निघालं नाही. नवा युजर, रूटचं लॉगिन बंद, पासवर्डने आत येणं बंद. फायरवॉलमध्ये सगळे पोर्ट बंद करून फक्त दोन उघडे: एक त्याच्या स्वतःसाठी, दुसरा 9999, जिथून बाकीचे नोड बोलतात. इथे क्रम चुकला तर आपणच बाहेर अडकतो. म्हणून पहिली खिडकी तशीच उघडी ठेवून त्याने दुसरीतून आत जाता येतं का ते पाहिलं, आणि मगच पहिली मिटली.

मग चालकाच्या किल्लीसाठी ‘बीएलएस जनरेट’ ही आज्ञा. एक गुप्त किल्ली आली, एक सार्वजनिक. गुप्त किल्ली सर्व्हरवरच्या ‘डॅश.कॉन्फ’ फाइलमध्ये गेली. फाइल वाचायची परवानगी त्या एका युजरपुरती. सार्वजनिक किल्ली मालकाला साध्या ईमेलने. ती कुणी वाचली तर बिघडत नाही, कुणी मध्येच बदलली तर बिघडतं. म्हणून दोघांनी फोनवर सुरुवातीची आणि शेवटची अक्षरं ताडून पाहिली.

पुढचं काम मालकाकडे. नोंदणीचा मजकूर तयार होतो, त्यावर तारणाच्या किल्लीची सही हार्डवेअर वॉलेटच्या आतल्या आत होते. भाच्याचा वाटा शेकडा किती, हेही त्या नोंदणीतच. मोबदल्याचा पत्ता मालकाच्या किंवा मतदानाच्या किल्लीचाच दिला, तर नेटवर्क नोंदणी धुडकावून लावतं. ही सक्ती मला फार आवडली. सूचना माणसं विसरतात.

“आणि सर्व्हरच कुणी फोडला तर?”

“नोड बंद पाडेल, मामा. फार तर माझा वाटा स्वतःकडे वळवेल. मालकाने त्याच्या किल्लीने चालकाची किल्ली बदलली, की चोराकडची निकामी.”

तारणाला हात लागत नाही, कारण ती किल्ली सर्व्हरवर कधी गेलेलीच नसते.

पुण्यात याच्या नेमकं उलट घडल्याचा आरोप आहे. बिटकॉइन फसवणुकीच्या तपासात पोलिसांनी मदतीला घेतलेल्या दोघा सायबर तज्ज्ञांना मार्च 2022 मध्ये पुणे पोलिसांनीच अटक केली. आरोपींच्या वॉलेटमधली नाणी परस्पर वळवल्याचा ठपका होता. खरं-खोटं न्यायालय ठरवेल. पण तपासायला दिलेल्या किल्लीनेच खर्चही करता येत असेल, तर सगळी भिस्त माणसाच्या नियतीवर येते.

किल्ल्या सुरक्षित असल्या तरी जोखीम उरतेच: मोबदला डॅशमध्येच मिळतो, आणि भाव पडला की तारणाची किंमतही पडते. वर 2022 पासून अशा मालमत्तेच्या नफ्यावर 30 टक्के कर. हे एफडीचं व्याज नव्हे, हे भाचा प्रत्येकाला आधी सांगतो.

मध्यंतरी गुलमोहर रोडच्या एका गृहस्थांनी त्याला आपल्या वॉलेटच्या सगळ्या किल्ल्या ज्यांतून मिळतात ते 24 शब्द थेट व्हॉट्सअॅपवर पाठवले. वर निरोप, “सगळं तूच बघ.” भाच्याने त्यांना लगेच फोन लावला, नवं वॉलेट उघडायला लावलं, त्याचे शब्द स्वतःच्या हाताने कागदावर लिहायला लावले आणि सगळी नाणी तिकडे हलवून घेतली. फी किती, हे बोलणं त्यानंतर झालं.