पेठेचा इतिहास आणि पेठेतील माणसे

राजधानीला बखरकार मिळतात, चिटणीस मिळतात. परंतु ज्या गावाची सारी प्रतिष्ठा पेठेतील उलाढालीवर उभी राहिली, त्याची हकीकत त्या गावच्याच माळ्यांवर आणि फडताळांत बांधून ठेवलेल्या कागदांच्या रुमालांतून शोधावी लागते, आणि ते रुमाल सोडविण्याइतका विश्वास घरोघरी संपादन करणे हे परक्या पंडितापेक्षा गावकऱ्यांच्या मंडळासच अधिक साधते.

खानदेशातील धुळे हे याचे ठळक उदाहरण होय. १८०३ च्या दुष्काळाने उजाड झालेले हे पांझरेकाठचे गाव विंचूरकरांचे आश्रित बाळाजी बळवंत यांनी पुन्हा वसविले; १८१८ नंतर कॅप्टन ब्रिग्ज यांनी येथे जिल्ह्याचे ठाणे केले, सरळ रस्त्यांची नवी वस्ती आखली आणि बऱ्हाणपुराकडील व्यापारी व कारागीर बोलावून घेतले. अशा या व्यापारी गावात शंकर श्रीकृष्ण देव यांनी १८९३ साली सत्कार्योत्तेजक सभा स्थापिली, आणि तिने पुढे समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते कसोशीने जमविली. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच निवर्तले, तेव्हा आयुष्यभराच्या पायपिटीने त्यांनी गोळा केलेली कागदपत्रे पांगू नयेत म्हणून तेथील मंडळींनी दुसऱ्याच वर्षी राजवाडे संशोधन मंडळ उभारले.

अशा मंडळांच्या हाती लागणारे कागद नाना प्रकारचे असतात. पेठ वसविणाऱ्या शेट्यास सरकारातून मिळालेल्या कौलात जकातीची माफी किती वर्षांची, हे नमूद असते. व्यापाऱ्यांच्या चोपड्यांत धान्याचे भाव, हुंड्या आणि उधारी असते. वतनाच्या तंट्यात झालेल्या महजराच्या, म्हणजे निवाडपत्राच्या, अखेरीस तर साऱ्या गावाची हजेरीच लागलेली दिसते. तेथे पाटलाच्या नावाशी नांगर आणि शेट्याच्या नावाशी तराजू अशी निशाणी काढलेली असते, आणि लिहिता न येणारा मनुष्यही न्यायसभेत साक्षीदार म्हणून कसा उभा राहत होता, हे त्या बोरूच्या चार रेघांतून जितके स्पष्ट कळते तितके मोठ्या ग्रंथांतूनही कळत नाही.

हे काम करू इच्छिणाऱ्यांनी प्रथम मोडी शिकावी. मूळ कागद मालकाच्या संमतीने घेऊन नक्कल होताच परत करावा. तो कोणत्या घरी, कोणत्या रुमालात मिळाला हे टिपून ठेवावे. आणि घराण्याचा अभिमान व कागदाचा पुरावा यांत विरोध आला तर पुराव्याचाच पक्ष घ्यावा. ज्यांच्या घरी कागद नाहीत अशा हमालांच्या, विणकरांच्या आणि बाजारकरणींच्या आठवणीही तितक्याच आस्थेने लिहून घ्याव्यात, कारण पेठ त्यांच्याही श्रमांवर चालली. जुन्या चोपड्या रद्दीत जात आहेत आणि आठवण सांगणारी पिढी सरत आहे. म्हणून प्रत्येक बाजारगावाने आपले असे मंडळ आजच स्थापणे, हे मी त्या गावाचे कर्तव्य समजतो.